सगळं पाठ आहे, पण केस आली की डोकं चालत नाही

वाचकाचं पत्र :

ताई, मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षेला अडीच महिने राहिलेत. नोट्स तीनदा वाचून झाल्यात. रोगाचं नाव सांगा, मी लक्षणं, तपासण्या, औषधं सगळं धडाधड सांगते. पण तोच रोग केसच्या रूपात आला की दोन ऑप्शन सारखेच बरोबर वाटतात आणि मी नेमका चुकीचा मारते. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी 'असं का होतं?' विचारलं की मी गप्प. सीनियर म्हणतात मेकॅनिझम (रोग शरीरात कसा घडतो ते) वगैरे सोडून दे, नुसते एमसीक्यू, पर्यायांचे प्रश्न, सोडव. मैत्रीण म्हणते फिजिओलॉजी पहिल्यापासून काढ. खरं सांगू, आता वाटायला लागलंय की हे माझ्या आवाक्यातलंच नाही.
– गोंधळलेली

उत्तर :

अगं, आधी ते शेवटचं वाक्य खोडून टाक. नाव ऐकल्यावर जिला सगळं आठवतं तिची मेहनतही कमी नाही आणि डोकंही कमी नाही. तुझी अडचण वेगळीच आहे आणि ती अडीच महिन्यात सुटण्यासारखी आहे, म्हणून तर एवढं मोठं उत्तर लिहायला बसले.

बघ, तुझ्या नोट्समध्ये वर रोगाचं नाव असतं आणि खाली लक्षणं. पेपरात काय येतं? लक्षणं येतात आणि नाव तुला शोधायचं असतं. पेशंटही तसाच येतो, तो काही 'मला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे' असं सांगत येत नाही, तो सांगतो की सकाळी डोळे सुजतात आणि लघवीला फेस येतो. म्हणजे तू जो रस्ता तीनदा घोटलायस त्याच्या बरोबर उलट्या दिशेने तुला चालायला लावतात, मग अडखळणारच ना. आर्थर एल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली डॉक्टर विचार कसा करतात यावरचं मोठं काम प्रसिद्ध केलं. त्यात असं दिसलं की नावाजलेले डॉक्टर काय आणि बाकीचे डॉक्टर काय, पेशंट बोलायला लागला की लवकरच दोन-चार शक्यता मनात धरतात आणि मग त्या तपासत जातात, पद्धत दोघांचीही जवळपास सारखीच. आणि एका केसमध्ये चमकणारा दुसऱ्या केसमध्ये चमकेलच असंही नाही, कारण सगळा खेळ त्या-त्या विषयाची माहिती किती आणि कशी लावून ठेवलीय यावर असतो. म्हणजे क्लिनिकल रीझनिंग, लक्षणांवरून रोगापर्यंत विचार करत जाणं, ही काही जन्मजात देणगी नाही. ते कमवता येतं, एकेक केस करत.

आता सीनियर बरोबर की मैत्रीण? दोघंही अर्धे-अर्धे. फिजिओलॉजी पहिल्या पानापासून काढायला तुझ्याकडे वेळ नाही, तो सल्ला ऐकू नकोस. पण मेकॅनिझम सोडून नुसते प्रश्न सोडवत बसलीस तर हजार प्रश्नांची हजार उत्तरं पाठ होतील आणि हजार एकावा प्रश्न थोडा फिरवून आला की परत तिथेच. मेकॅनिझम कर, पण जिथे त्यातून काहीतरी ओळखता येतं तिथपर्यंतच. एन्झाइमचं सबयुनिट किती ते सोड, पण अमुक झालं तर तमुक आकडा वर जाणार की खाली, आणि औषध दिल्यावर त्याचं काय होणार, हे सांगता आलंच पाहिजे.

नुसतं बोलून कळणार नाही, एक केस सावकाश करूया. वही घे.

वीस वर्षांचा मुलगा, दोन दिवस उलट्या, पोट दुखतंय, तहान थांबत नाही, श्वास खोल आणि जोरजोरात चाललाय. रिपोर्ट : ग्लुकोज 480, सोडियम 130, पोटॅशियम 4.8, क्लोराइड 95, बायकार्ब (ॲसिड झेलणारा क्षार) 8, पीएच 7.22, पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) 20. तू लगेच म्हणशील डीकेए, डायबेटिक कीटोॲसिडोसिस. बरोबर, नाव मिळालं. पण पेपर काढणारा नावावर थांबत नाही, तो पुढचं विचारतो, आणि तू चुकतेस ती तिथे.

एकेक आकड्याला विचार की तू असा का आहेस. इन्सुलिन नाही म्हणून स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज नीट आत घेत नाहीत, वर लिव्हर आणखी बनवत सुटतं. रक्तातलं ग्लुकोज साधारण 180 च्या वर गेलं की किडनीला ते सगळं परत ओढून घेणं जमत नाही, ते लघवीत उतरतं आणि जाताना पाणी घेऊन जातं, पाण्याबरोबर सोडियम जातं, पोटॅशियमही जातं. म्हणून तहान, म्हणून कोरडी जीभ. दुसरीकडे इन्सुलिनचा लगाम सुटल्यामुळे चरबी फुटायला लागते, फॅटी ॲसिड लिव्हरमध्ये जातात आणि तिथे कीटोन बनतात. कीटोन म्हणजे ॲसिडच, त्यांना झेलताना बायकार्ब खर्च होतं, ते 8 वर आलं. ॲनायन गॅप काढ, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा कर : 130 मधून 95 आणि 8 वजा, 27. नॉर्मल साधारण 8 ते 12. म्हणजे बायकार्ब जिथून गेलं ती जागा क्लोराइडने नाही, न मोजलेल्या ॲसिडने भरलीय. हाच मुलगा नुसत्या जुलाबाने ॲसिडोटिक झाला असता तर क्लोराइड वर असतं आणि गॅप नॉर्मल. हा फरक पाठ करायची गरजच पडत नाही, बेरीज-वजाबाकीतूनच दिसतो.

आता श्वास. ॲसिड वाढलं म्हणून मेंदू फुफ्फुसांना सांगतो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाका. किती टाकायला हवा याचं विंटरचं सूत्र तुला येतच असेल, बायकार्ब गुणिले दीड अधिक आठ, दोन इकडे-तिकडे. 8 चे 12, अधिक 8, बरोबर 20. म्हणजे फुफ्फुसं आपलं काम चोख करतायत. आता नीट बघ, बायकार्ब तेच 8 पण पीसीओटू 32 असता तर? 32 तर नॉर्मलपेक्षा कमीच आहे, वरवर बघणाऱ्याला वाटेल ठीक चाललंय. पण असायला हवा होता 20, म्हणजे हा मुलगा दमत चाललाय, श्वास पुरा पडत नाहीये, पीएच 7.02 च्या आसपास गेलेला असेल. केस तीच, रोग तोच, पण 'आता पुढे काय कराल' याचं उत्तर बदललं. हे रोगाच्या नावाखालच्या यादीतून कधीच मिळणार नाही.

सोडियम 130 बघून 'हायपोनॅट्रेमिया' हा ऑप्शन मोहात पाडतो. ग्लुकोजने पेशींमधलं पाणी रक्तात खेचलंय म्हणून सोडियम पातळ दिसतं. 100 च्या वरच्या प्रत्येक 100 ग्लुकोजमागे 1.6 मिळवायचे असा ठोकताळा आहे, त्याने सोडियम 136 येतं. म्हणजे त्या 130 ला वेगळा उपचार नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा पोटॅशियम, 4.8. नॉर्मल दिसतो ना? इथेच 'पोटॅशियम नॉर्मल आहे, देण्याची गरज नाही' असा ऑप्शन ठेवलेला असतो आणि पाठांतर करणारी मुलं तो मारतात. पण आत्ताच आपण म्हटलं की दोन दिवस लघवीतून पोटॅशियम वाहून चाललंय, उलटीने पाणी कमी झालं म्हणून अल्डोस्टेरॉन (मीठ-पाणी राखणारं हार्मोन) वाढून ते आणखीच जातंय. मग रक्तात नॉर्मल कसं? कारण इन्सुलिन नाही आणि रक्त घट्ट झालंय, त्यामुळे पेशींमधलं पोटॅशियम बाहेर आलंय. कोठार रिकामं झालंय आणि उरलंसुरलं दारात येऊन पडलंय. आता तू इन्सुलिन दिलंस की ते झरकन परत आत जाणार, रक्तातलं पोटॅशियम कोसळणार आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून लघवी होतेय ना ते बघून सलाईनमध्ये पोटॅशियम घालायचं, आणि सुरुवातीलाच ते 3.3-3.5 च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम. हे एकदा असं समजलं की त्या मुलाला तू आयुष्यभर विसरणार नाहीस.

याच केसमधला अजून एक बारकावा सांगते, व्हायवात हमखास उपयोगी. उपचार सुरू झाले, मुलगा बरा दिसतोय, पण लघवीची कीटोनची पट्टी आधीपेक्षा गडद आली. बिघडलं का? नाही. ती पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते, बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसतच नाही, आणि डीकेएमध्ये जास्त असतं ते हेच दुसरं. बरं होताना त्याचं ॲसिटोॲसिटेट होतं, म्हणून पट्टी गडद. त्यामुळे सुधारणा बघायची ती ॲनायन गॅपवर.

एक केस, आणि त्यात ॲसिड-बेस, सोडियम, पोटॅशियम, किडनी, अल्डोस्टेरॉन सगळं आलं. अशा वीस-पंचवीस केस तू या खोलीपर्यंत केल्यास तर फिजिओलॉजीचा जो भाग लागतो तो आपोआप होऊन जातो, म्हणून म्हटलं मैत्रिणीचं ऐकून पहिलं पान उघडू नकोस.

आता दोन ऑप्शन सारखे वाटतात त्याचं. हे होतं कारण आपण रोग एकेकटे वाचतो. सारखे दिसणारे रोग जोडीने वाच, आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचार, कोणत्या गोष्टीवर हे दोघं वेगळे होतात आणि का. एओर्टिक स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) आणि हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपथी (हृदयातला पडदा जाड होऊन अडथळा येणं) घे. दोन्हींत सिस्टोलिक मर्मर (हृदय आकुंचन पावताना येणारा जादा आवाज), दोन्हींत चक्कर, छातीत दुखणं, धाप. पेशंटला उभं केलं किंवा वलसाल्वा (श्वास रोखून जोर लावणं) करायला लावलं की हृदयात येणारं रक्त कमी होतं. स्टेनोसिसमध्ये झडपेचं भोक तेवढंच राहतं, त्यातून जाणारं रक्त कमी झालं, मर्मर हळू. दुसऱ्यात अडथळा झडपेत नाहीच, जाड झालेला पडदा आणि त्याच्याकडे ओढली जाणारी मायट्रलची पुढची पाकळी यांच्यामध्ये आहे, रक्त कमी म्हणजे आतली जागा आणखी अरुंद, अडथळा वाढला, मर्मर मोठा. आता यावरूनच सांग, या दुसऱ्या पेशंटला छातीत दुखतंय म्हणून नायट्रेट देशील का? ते तर रक्त आणखी कमी आणणार. आणि बीटा ब्लॉकर का चालतो? हृदय सावकाश चालतं, भरायला वेळ मिळतो, जोर कमी होतो. तीन वेगवेगळे प्रश्न होते, तिन्हींचं उत्तर त्या एकाच वाक्यात होतं की हृदयातली जागा कमी झाली तर अडथळा वाढतो.

लोहाची कमतरता आणि जुनाट आजाराचा ॲनिमिया ही अशीच जोडी. दोन्हींत सीरम आयर्न कमी, म्हणून मुलं गोंधळतात. सूज-दाह असला की लिव्हर हेप्सिडिन सोडतं, ते फेरोपोर्टिन हे लोह बाहेर सोडायचं दारच बंद करतं, लोह पेशींमध्ये अडकून पडतं. म्हणजे साठा आहे पण वापरता येत नाही, म्हणून फेरिटिन (साठ्याचा आकडा) नॉर्मल किंवा जास्त आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून न्यायची क्षमता) कमी. खरी कमतरता असेल तर साठाच नाही, फेरिटिन कमी, टीआयबीसी वाढलेला. बाकीच्या जोड्या तू स्वतः काढ, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, नेफ्रिटिक आणि नेफ्रोटिक, सार्कॉइडचं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचं कॅल्शियम. स्वतः काढलेली जोडीच लक्षात राहते, दुसऱ्याने छापून दिलेला तक्ता राहत नाही.

केस वाचताना आणखी एक कर, आणि हे मी वॉर्डात शिकवताना सगळ्यांकडून करून घेते. ऑप्शन हाताने झाक. सगळी केस वाच आणि एका वाक्यात आपल्या शब्दांत सांग, पण त्या वाक्यात वय, किती दिवसांचं, कुठे, एका बाजूला की दोन्ही, अचानक की हळूहळू हे आलंच पाहिजे. केसमध्ये लिहिलेलं असतं '68 वर्षांचे गृहस्थ, काल रात्रीपासून उजव्या गुडघ्यात असह्य दुखतंय, गुडघा लाल, गरम, ताप 38.6, दहा वर्षं ब्लड प्रेशरची गोळी, बायको मागच्या वर्षी गेली...' तू म्हणायचं, 'वयस्कर माणूस, अचानक एकाच सांध्याचा दाह, ताप आहे.' एवढं म्हटलं की डोक्यात आपोआप तीन नावं येतात, सेप्टिक आर्थ्रायटिस, गाऊट, स्यूडोगाऊट, आणि पुढची पायरी पण येते, सांध्यातलं पाणी काढून तपासा, कारण पहिलं, म्हणजे सांध्यातला जंतुसंसर्ग, नजरेतून सुटलं तर सांधा जातो. हेच वाक्य 'तरुण बाई, सहा आठवडे, दोन्ही हातांचे छोटे सांधे, सकाळी तासाभराहून जास्त ताठरपणा' असं झालं की पूर्ण वेगळी यादी. हे वाक्य तयार न करता थेट ऑप्शनवर उडी मारलीस तर ऑप्शनच तुझ्यासाठी विचार करायला लागतात.

आणि उत्तर सुचलं की लगेच टिक करू नकोस, केसमधली कोणती ओळ माझ्या उत्तरात बसत नाही हे शोध. साठीच्या माणसाला रात्री घरघर होऊन धाप लागते, वाचता वाचता दमा सुचतो. पण आडवं पडल्यावर वाढते, बसल्यावर कमी होते, फुफ्फुसाच्या तळाला क्रेप्ट्स (बारीक चरचर आवाज) आहेत, तिसरा हार्ट साउंड आहे, हे दम्यात कुठे बसवशील? आडवं पडलं की पायांतलं रक्त छातीकडे येतं, डावं हृदय ते पुढे ढकलू शकत नाही, फुफ्फुसात दाब वाढतो. पहिल्या सुचलेल्या नावावर चिकटून बसणं ही शिकलेल्या डॉक्टरांचीही सगळ्यात जुनी खोड आहे, त्यामुळे आत्तापासूनच ती मोडायची सवय लागली तर परीक्षेनंतरही पेशंटचं भलं होईल.

टेस्टच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांतले किती पकडले), स्पेसिफिसिटी (निरोग्यांतले किती बरोबर सोडले) यांच्या व्याख्या पाठ करून उपयोग नाही, हजार माणसं कागदावर मांड. टेस्ट दोन्ही बाबतीत 90 टक्के आणि आजार 1 टक्का लोकांना. दहा आजारी, त्यातले नऊ पॉझिटिव्ह. 990 निरोगी, त्यातले 99 पॉझिटिव्ह. एकूण 108 पॉझिटिव्ह आणि खरे आजारी नऊच, जेमतेम 8 टक्के. तीच टेस्ट जिथे निम्म्यांना आजार आहे तिथे लाव, पॉझिटिव्हपैकी 90 टक्के खरे निघतात. यंत्र तेच, फक्त पेशंट कोण आहे ते बदललं. म्हणून पल्मनरी एम्बोलिझमची (फुफ्फुसात अडकलेल्या गुठळीची) शक्यता कमी वाटत असेल तर डी-डायमर ही रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली की थांबता येतं, पण शक्यता दाट असेल तर डी-डायमर करत न बसता सरळ सीटी अँजिओ. हिस्टरी घ्यायची ती याचसाठी, टेस्टच्या आधी तू शक्यता कुठे धरतेस ते ठरवायला.

अभ्यास कसा बसवायचा विचारशील. चौथ्यांदा नोट्स वाचू नकोस, ही माझी एकच विनवणी. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवलं की उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर बघितलं तर ज्यांनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे असतात. तुला आत्ता वाचताना 'येतंय येतंय' वाटतं ते त्या पाच मिनिटांतलं वाटणं आहे. म्हणून सीनियर एमसीक्यू सोडव म्हणतात ते बरोबरच आहे, फक्त संख्येच्या मागे लागू नकोस. दिवसाला वीस केस पुरेत, पण चुकलेल्या प्रत्येकीखाली लिही की चूक कुठली होती : माहितीच नव्हती, माहिती होती पण एक ओळ नजरेतून सुटली, की कारण उलटं लावलं. पंधरवड्यात तुला स्वतःचा साचा दिसेल. तुझ्या पत्रावरून मला वाटतं तिसरी चूक जास्त निघेल, पण अंदाज तो अंदाज, वही खरं सांगेल. बरोबर आलेल्या प्रश्नातही उरलेले तीन ऑप्शन का चूक आणि केसमध्ये काय बदललं असतं तर ते बरोबर ठरले असते हे एकदा तोंडाने म्हण, एका प्रश्नात चार प्रश्न होतात.

राहिली व्हायवा. तू गप्प होतेस कारण तुला वाटतं सरांना एका शब्दात उत्तर हवंय. बहुतेक परीक्षकांना तुझा विचार कसा चालतो ते ऐकायचं असतं, गप्प बसलेल्या मुलीला मार्क द्यायची इच्छा असली तरी देता येत नाहीत. जे नक्की माहीत आहे तिथून सुरू कर आणि एकेक पायरी मोठ्याने उतर. 'सर, नेफ्रोटिकमध्ये क्लॉट का होतात?' समजा पूर्ण उत्तर आठवत नाहीये. म्हण, 'सर, गाळणी खराब झाल्यामुळे लघवीतून प्रथिनं जातात. अल्ब्युमिनबरोबर इतर प्रथिनंही जात असणार. त्यात रक्त गोठू न देणारं अँटिथ्रॉम्बिन गेलं तर गोठण्याकडे कल वाढेल. शिवाय लिव्हर भरपाई म्हणून प्रथिनं जास्त बनवतं, त्यात फायब्रिनोजेनही वाढतं.' बघ, पहिलं वाक्य तर तुला झोपेतही येतं, बाकीची त्याच्या मागोमाग आली. मध्येच अडलीस तर 'इथपर्यंत मला खात्री आहे, पुढचा माझा अंदाज आहे' असं स्पष्ट सांग, त्यात कमीपणा नाही, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतानाही हेच करावं लागणार आहे. मैत्रिणीला रोज रात्री पंधरा मिनिटं समोर बसव, तिने फक्त 'का?' विचारत राहायचं, तू बोलत राहायचं, मग अदलाबदल.

आणि आज रात्री नवीन काही उघडू नकोस, त्या वीस वर्षांच्या मुलाचे आकडे न बघता कागदावर मांड आणि एक गोष्ट बदलून बघ : उलट्या खूपच जास्त झाल्या, पोटातलं ॲसिडही गेलं, आणि बायकार्ब 8 च्या ऐवजी 18 आलं पण ॲनायन गॅप 27 च आहे. असं कसं झालं आणि त्याचा श्वास आता कसा असेल, ते लिहून मला कळव.

– ताई